डिसेंबरात व्हिएन्ना आणि प्राग: ऊबदार तरी देखणे कपडे कसे न्यावेत?

ओवी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं व्हिएन्ना आणि प्रागला निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. व्हिएन्नात नाताळचे बाजार, संग्रहालयं, एक संध्याकाळ ऑपेरा, मग रेल्वेने प्राग. डोंगर नाहीत, स्कीइंग नाही. दिवसभर शहरात पायी फिरायचं, एवढंच.

व्हिसा, तिकिटं, हॉटेलं सगळं झालं. आता कपड्यांपाशी अडलंय. घरात मनालीच्या वेळी घेतलेले जाड स्वेटर आणि जॅकेटं आहेत, पण ती घातली की प्रत्येक फोटोत आम्ही गाठोड्यांसारखे दिसतो. इतकी वर्षं मनात धरलेली सहल आहे, तिथे नीटनेटकं, छान दिसावं असं मला मनापासून वाटतं. ऑपेराला तर साडीच नेसायची आहे. सासूबाई एरवीही साडीच नेसतात, पंजाबी ड्रेस त्यांना चालत नाही, आणि गुडघ्यांमुळे त्या फार वाकू शकत नाहीत.

सामान माणशी २३ किलो आणि हातातली एक बॅग. कोट विकत घ्यावा की भाड्याने? पफर (पिसं भरलेलं फुगीर जॅकेट) की लोकरीचा? बुटांचं काय? जे जाऊन आलेत किंवा तिकडे राहतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निळू_नागपूर

वाचतोय. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

डॅन्यूबकाठ

ओवी, मी व्हिएन्नात बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी थंडीचा अंदाज घ्या. नाताळच्या सुमारास इथे दुपारी तीन-चार अंश असतात आणि रात्री शून्याच्या एखाद-दोन अंश खाली. प्राग त्याहून किंचित गार. उणे दहा क्वचितच. बर्फ पडेलच असं नाही, आणि शहरात पडला तरी दुपारपर्यंत रस्त्यावर त्याचा काळा चिखल होतो. भुरभुर पाऊस मात्र हमखास. खरा त्रास देतो तो वारा. शून्य अंशाला ताशी २० किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला उणे पाचसारखं लागतं. शिवाय सूर्य चारच्या सुमारास मावळतो आणि राटहाउससमोरच्या (नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या) बाजाराला रंग चढतो तो त्यानंतर. म्हणजे सगळ्यात गार वेळेलाच तुम्ही दगडी फरशीवर, हातात पंच या गरम पेयाचा मग धरून, सगळ्यात जास्त वेळ एका जागी उभे असणार.

आता दुसरी बाजू, जी आपल्याकडून निघताना कुणी लक्षात घेत नाही. इथे आत सगळीकडे हीटिंग असतं. ट्राम, कॅफे, दुकानं, संग्रहालयं, सगळीकडे वीस-बावीस अंश. दिवसभरात तुम्ही कितीतरी वेळा आत-बाहेर करणार. अंगात दोन थर्मल, वर जाड स्वेटर असं असेल तर कॅफेत दहा मिनिटांत घाम फुटतो. तोच घाम घेऊन बाहेर पडलात की हुडहुडी भरते. त्यामुळे माझा आग्रह एकच: ऊब बाहेरच्या कपड्यात ठेवा, जी एका झटक्यात अंगावरून उतरवता येईल. आत एकच पातळ थर्मल आणि त्यावर एक पातळ लोकरी स्वेटर. बास.

हे एकदा पटलं की छान दिसण्याचा प्रश्नही तिथेच सुटतो. रस्त्यावर तुमचं दिसतं काय? कोट, मफलर, टोपी, बूट. आतला टॉप कुठल्याही फोटोत येत नाही. म्हणून पैसे आणि डोकं कोटावर आणि बुटांवर लावा. आत प्रत्येकी दोन पँट आणि दोन-तीन स्वेटर सहज पुरतात. लोकरीला लवकर वास धरत नाही. रात्री खुर्चीच्या पाठीवर मोकळा टाकला की सकाळी पुन्हा घालण्याजोगा होतो.

रंगाबद्दल: इथे हिवाळ्यात सगळं शहर काळं, राखाडी, गडद निळं असतं. कोट तसाच घ्या, तो कशावरही जातो. मफलर आणि टोपी मात्र मोरपंखी, डाळिंबी, राणी अशा आपल्या रंगांत आणा. चार वाजताच्या त्या मंद उजेडात चेहरा उठून दिसतो तो गळ्याजवळच्या रंगामुळे.

टोरांटोकर

डॅन्यूबकाठ यांच्याशी थोडा असहमत. लोकरीचा कोट दिसतो छान, पण जड असतो, ओला झाला की वाळायला दिवस लागतो आणि वारा आत शिरतो. मी हिवाळाभर पिसांच्या पफरमध्ये असतो. हलका, बॅगेत चेपून बसतो, मागे हूड. लहान मुलगा आणि वयस्कर बाई बरोबर असताना दिसण्यापेक्षा आजारी न पडणं महत्त्वाचं. ओवी, गुडघ्यापर्यंतचा पफर घ्या आणि निर्धास्त व्हा.

डॅन्यूबकाठ

टोरांटोकर, उणे पंधराला मीही पफरच घालेन, त्यात वाद नाही. मुलासाठी तर पफरच घ्या, तो कुठेही लोळणार. पण इथलं गणित शून्य ते चार अंशांचं आहे आणि संध्याकाळी ऑपेरा आहे. शिवाय पिसं भिजली की चपटी होतात आणि त्यांची ऊब संपते. इथल्या भुरभुर पावसात साधा, वॉटरप्रूफ नसलेला पफर तासाभरात गारठतो. लोकर ओलसर असतानाही बऱ्यापैकी ऊब देते.

मधला मार्ग इथे खूप जण वापरतात. लोकरीचा कोट खांद्यात थोडा सैल घ्यायचा आणि आत पिसांचं अगदी पातळ, बिनकॉलरचं जॅकेट किंवा बिनबाह्यांचं जाकीट घालायचं. ते मुठीएवढं घडी होऊन पर्समध्ये जातं. बाजारात उभं राहायचं असेल तेव्हा आत चढवा, संग्रहालयात काढा. बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. डेकॅथलॉनमध्ये किंवा कुर्ल्याच्या युनिक्लोमध्ये अशी जाकिटं मिळतात.

धागेदोरे

कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून कोट विकत घेताना काय बघायचं ते लिहिते.

सगळ्यात आधी आतली चिठ्ठी वाचा. "वुलन कोट" म्हणून विकले जाणारे कितीतरी कोट निव्वळ पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचे असतात. दिसतात जाड, ऊब नाही. लोकर निदान साठ-सत्तर टक्के हवी, उरलेलं नायलॉन असेल तर चांगलंच, कापड टिकतं. मग कोट खिडकीसमोर उजेडात धरा. विणीतून उजेड आरपार दिसला तर वारा पण आरपार जाणार. बाहीचं कापड मुठीत घट्ट दाबून सोडा. चांगली लोकर लगेच पूर्ववत होते. आणि अस्तर बघाच, अस्तर बाह्यांपर्यंत हवं, नाहीतर आतला स्वेटर बाहीत अडकून वर गोळा होतो.

नवीन कोटाच्या मागच्या फाटीवर दोऱ्याची एक फुली घातलेली असते आणि खिसे बऱ्याचदा टाके घालून बंद केलेले असतात. ते दुकानापुरते असतात, कोटाची घडी बिघडू नये म्हणून. घालण्याआधी छोट्या कात्रीने काढून टाका. बाहीवर बाहेरून कंपनीचं लेबल चार टाक्यांनी लावलेलं असेल तर तेही काढायचं. फुली तशीच ठेवून चाललात की कोट मागे ताणला जातो आणि सगळा ढब बिघडतो. आणि कॉलरच्या आत अडकवायची नाडी मजबूत आहे ना बघा. तिकडे प्रत्येक ठिकाणी कोट खुंटीला लागतो, कमकुवत नाडी पहिल्याच दिवशी तुटते.

डॅन्यूबकाठ लोकरीबद्दल जे म्हणाले त्याला ऑस्ट्रियाचंच उदाहरण आहे: लोडन. आधी लोकर सैल विणतात, मग पाण्यात मळून, आटवून कापड इतकं दाट करतात की वारा आणि हलका पाऊस अडतो. आल्प्समधल्या शेतकऱ्यांचं कापड, आज त्याचे अतिशय देखणे कोट होतात. आपल्याकडे धनगर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढ्यांमागे उभे असतात ते लोकरीच्या याच गुणावर. लोडन महाग असतं, पण व्हिएन्नात एखाद्या दुकानात जाऊन हात लावून नक्की बघा.

एक कळकळीची विनंती. थर्मलच्या आत सुती बनियन घालायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तेवढी मोडा. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं, आणि तो ओलावा थेट कातडीला चिकटलेला. थर्मल अंगालगतच हवा, तोही मेरिनो लोकरीचा (मेरिनो मेंढीच्या मऊ, बारीक लोकरीचा) असेल तर उत्तम. १५० ते २०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा पातळ मेरिनो शहरासाठी भरपूर होतो.

ओवी_कोथरूड

बनियनचं वाचून नवऱ्याला लगेच दाखवलं! किती मोलाची माहिती देताय सगळे.

म्हणजे मी लोकरीचा कोट विकत घेते, मुलाला पफर. नवऱ्याचा कोट भाड्याने बघतोय, पुण्यात मिळतात. सासूबाईंच्या साडीचं कुणी सांगेल का? त्यांना आतापासूनच धास्ती आहे की आपल्यामुळे सगळ्यांची अडचण होणार.

मीनलमावशी

ओवी, त्यांना म्हणावं अजिबात धास्ती घेऊ नका. मी स्वतः रोज साडी नेसते आणि हिवाळ्यात युरोपात मुलीकडे साडीतच वावरते. साडी थंडीला वाईट नाही, उलट पायांभोवती निऱ्यांचे इतके पदर असतात की ऊब धरून राहते. फक्त आतली मांडणी बदलायची.

पायात मेरिनोची किंवा आतून फ्लीस असलेली लेगिंग, घोट्यापर्यंत लांब. तिच्यावर परकर सुतीच ठेवा. सॅटिनचा किंवा सिंथेटिक परकर तिकडच्या कोरड्या हवेत लेगिंगला आणि साडीला चिकटतो, चालताना निऱ्या पायांना गुंडाळतात आणि काढताना चटचट आवाज येतो. वयस्कर बाईचा त्यात पाय अडकू शकतो. सुती परकराला हा त्रास फार कमी. अंगालगत थर्मल आहेच, त्यामुळे वर सुती चालतं.

ब्लाउजऐवजी पातळ मेरिनोचा, गळाबंद, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घ्या, अंगाबरोबर बसणारा. साडीच्या काठाच्या रंगाचा घेतला तर इतकं सुरेख दिसतं की मी आता पुण्यातल्या थंडीतही तसंच घालते. साड्या रेशमी न्या. सुती साडीला ऊब नाही आणि ओली झाली की वाळत नाही. रेशीम हलकं, ऊबदार, सुटकेसमध्ये जागाही कमी घेतं. त्यांना चार साड्या पुरतील, कारण वर कोट असतो, रोज नवी दिसायची गरजच पडत नाही.

नेसताना नेहमीपेक्षा तीन-चार बोटं वर. तिकडे रस्त्यावर मीठ आणि खडी टाकतात. फॉल त्यात लागला की पांढरे डाग पडतात आणि काठ खराब होतो. पदर खांद्यावर पिनने आखूड लावून कोटाच्या आत घ्या.

कोट पोटरीपर्यंत लांब आणि खाली घेर असलेला पाहिजे. सरळ, अंगाबरोबर शिवलेला कोट साडीवर बसत नाही, निऱ्यांवर ताणतो. दुकानात जाताना साडी नेसूनच घेऊन जा त्यांना, आणि कोट घालून खुर्चीवर बसवून, दोन पायऱ्या चढवून बघा.

बूट: घोट्याच्या वर येणारे, बाजूला चेन असलेले. लेसचे नकोत, वाकावं लागतं. लांब दांडीचा शूहॉर्न बरोबर ठेवा, बसल्या जागी पाय सरकवता येतो.

आणि ऑपेराला तू पैठणीच नेस. कोट क्लोकरूमला गेला की पैठणी सगळ्यांना दिसू दे.

कावेरी

मीनलमावशी, किती बारकाईनं लिहिलंत! गळाबंद मेरिनोची कल्पना मी उचलतेय.

वल्तावा

प्रागहून लिहिते. मी फक्त पायांबद्दल बोलेन, कारण इथे येणाऱ्या पाहुण्यांचे हाल पायांमुळेच होतात.

जुन्या शहरात सगळीकडे दगड. रस्त्यावर मोठे, फुटपाथवर लहान चौकोनी, आणि शतकानुशतकं घासून ते गुळगुळीत झालेत. पावसात किंवा दहिवर गोठल्यावर पाय सटकतो. चार्ल्स पुलावर, किल्ल्याच्या उतारावर तर जपूनच. त्यामुळे टाचेचे बूट नकोत आणि चामड्याचा तळही नको. रबरी तळ, खाली खोल नक्षी. घोट्यापर्यंतचे साधे, काळे किंवा तपकिरी चेल्सी बूट अशा तळाचे मिळतात. कोटाखाली देखणे दिसतात आणि चेन-लेस काही नाही, फक्त आत पाय घालायचा.

माप घेताना जाड मोजा घालूनच घ्या आणि बोटं आत हलताहेत ना बघा. दोन-दोन मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. ऊब देते ती बुटातली अडकलेली हवा. एक चांगला लोकरी मोजा आणि आत लोकरीच्या नमद्याचा इनसोल टाका, कारण थंडी खालून, फरशीतून वर येते. बाजारात तासभर उभं राहिलं की इनसोलची किंमत कळते.

बूट आत्ताच घेऊन पुण्यात रोज थोडे घाला. नव्या बुटांनी दगडांवर दिवसभर चालणं म्हणजे फोड ठरलेले. मिठाचे पांढरे डाग पडले तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या फडक्यानं पुसा, जातात.

टोरांटोकर

इनसोलला +१. आणि डॅन्यूबकाठ, आत पातळ जाकीट ही कल्पना मला पटली. पावसाचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. आमच्याकडे कोरडा बर्फ पडतो, तो झटकला की जातो.

कानांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: टोपी कान पूर्ण झाकणारी घ्या. फोटोसाठी कपाळाच्या वर ठेवायच्या टोप्या असतात त्यांचा उपयोग नाही. हातमोजे मोबाइलचा पडदा चालणारे घ्या, नाहीतर प्रत्येक नकाशाला हात उघडा पडतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात बॅटरी झपाट्यानं उतरते.

डॅन्यूबकाठ

ऑपेराविषयी ओवीला थोडं आणखी. व्हिएन्नाचं ऑपेरागृह १८६९ सालचं. आत कोट नेता येत नाही, क्लोकरूमला द्यावा लागतो. मोठ्या संग्रहालयांतही तेच, पाठीवरची सॅकसुद्धा जमा करावी लागते. म्हणून पासपोर्ट, पाकीट, औषधं कोटाच्या खिशात ठेवू नका, छोटी आडवी पर्स हवी. त्या रात्री बूट स्वच्छ आणि गडद रंगाचे असले की पुरे, वेगळी पादत्राणं आणायची गरज नाही. नवऱ्यानं गडद पँट, शर्ट आणि एक साधं जॅकेट घातलं की झालं. टायशिवाय बसलेले पुष्कळ असतात.

तिथे उभं राहून बघायची स्वस्त तिकिटंही असतात. पूर्वी तिथे आपली जागा कठड्याला स्कार्फ बांधून राखायची पद्धत होती. स्कार्फ बांधला की बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचं, जागा कुणी घेत नसे. मला या शहराची ही गोष्ट फार आवडायची. सासूबाईंसाठी मात्र बसायची तिकिटंच काढा.

आणि एक, ज्यात पाहुणे हमखास अडकतात. "राहिलं तर तिकडे घेऊ" असं म्हणत असाल तर वार बघून म्हणा. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही सोडली तर. २४ डिसेंबरला दुपारी दोनपर्यंत सगळं मिटतं आणि २५, २६ ला सुट्टी. प्रागमध्येही २४ ला दुपारी बारानंतर आणि पुढचे दोन दिवस मोठी दुकानं कायद्यानंच बंद. तुमच्या तारखा बघता हातमोजे, टोप्या, थर्मल सगळं घरूनच आणा.

निळू_नागपूर

एक विचारतो. हे कोट परत आल्यावर ठेवायचे कसे? आमच्याकडे ठीक आहे, पण बायकोचं माहेर रत्नागिरीचं, तिथे पावसाळ्यात कपाटातल्या रेशमी साड्यांनाही बुरशी येते.

धागेदोरे

निळूभाऊ, आधी ड्रायक्लीन, मग एक दिवस सावलीत वारा. कसर लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांमुळे, म्हणून न धुता कधीच ठेवायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, ओलावा आत कोंडतो. जुन्या सुती चादरीचं खोळ शिवून त्यात रुंद हँगरला लावा, खोळीत डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत. पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर काढून पंख्याखाली ठेवायचा. कोकणात तर भाड्याचाच कोट घ्यावा असं माझं मत, वर्षातून एकदा लागणार असेल तर.

ओवी_कोथरूड

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना साडी नेसवूनच दुकानात नेलं. गडद जांभळा, घेरदार कोट मिळाला, पायऱ्या चढवून बघितलं. आरशासमोरून त्या हलेचनात! गळाबंद मेरिनो मोरपंखी घेतलाय, त्यांच्या आवडत्या साडीच्या काठाचा.

आता शेवटची अडचण सामान भरण्याची. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या आणल्यात. कोट त्यात घालू का? आणि मुंबई विमानतळावर तीस अंशांत हे सगळं अंगावर कसं वागवायचं?

डॅन्यूबकाठ

पिशव्यांत पफर, थर्मल आणि मोजे घाला. लोकरीचे कोट नकोत, अशा घड्या पडतात की इस्त्रीशिवाय जात नाहीत. कोट हातावर घ्या आणि विमानात वरच्या कप्प्यात सगळ्या बॅगा ठेवून झाल्यावर शेवटी सपाट पसरा. तरी चुरगळलेच तर हॉटेलात गरम पाण्याचा शॉवर चालू करून बाथरूमच्या दारामागे टांगा, वाफेनं बरेच सुटतात.

हातातल्या बॅगेत प्रत्येकाचा एक थर्मल, मोजे, टोपी, हातमोजे ठेवा. चेक-इनची बॅग मागे राहिली तर निदान पहिला दिवस निभतो. जाड बूट पायातच घालून निघा, बॅगेत सगळ्यात जास्त वजन त्यांचंच होतं. सुरक्षा तपासणीत काढायला लावले तर सासूबाईंसाठी खुर्ची मागून घ्या, आणि शूहॉर्न वरच्याच कप्प्यात असू दे.